शहापूर-मुरबाडमधली विजेची दुचाकी: कशावर चालेल, कुठे अडेल

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये माणसाचा दिवस खाऊन टाकतात ती लांबची अंतरं नव्हेत. शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनहून मुंबई हा प्रवास मोठा खरा, पण त्याला लोकल आहे, वेळापत्रक आहे, महिन्याचा पास आहे. मुरबाडहून कल्याण तीसेक किलोमीटर, तिथेही एसटी आहे. ओढाताण होते ती त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन, पाच, आठ किलोमीटरांत. घर ते स्टेशन, पाडा ते डांबरी, डांबरी ते शाळा, शेत ते बाजार. चालत गेलं तर तास मोडतो, शेअर रिक्षासाठी थांबलं तर ती भरेपर्यंत वाट पाहावी लागते आणि स्वतःची मोटरसायकल घेतली तर पेट्रोल पगार खातं. विजेवर चालणाऱ्या लहान खासगी गाड्यांचा प्रश्न इथे या अंतरातून उभा राहतो. ई-सायकल, कमी वेगाची स्कूटर, मोपेड आणि नेहमीची विजेची स्कूटर, अशी ही सगळी जात. शहरनियोजनाच्या भाषेत यातल्या हलक्या गाड्यांना मायक्रोमोबिलिटी म्हणतात.

या गाड्या कुठे रुजतात याचा अभ्यास बहुतेक मोठ्या शहरांत झाला. त्यातून काही अटी पुढे आल्या. रोजच्या फेऱ्या छोट्या असाव्यात, रस्त्यावरचा वेग कमी असावा किंवा हलक्या गाड्यांना वेगळी वाट असावी, गाडी चोरीला न जाता दिवसभर ठेवता यावी, चार्जिंग घरच्या घरी व्हावं, दुरुस्ती जवळ असावी, कायदा समजेल असा असावा, आणि बस-रेल्वेशी तिची सांगड बसावी. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांना २०१५ मध्ये नगरपंचायत मिळाली. म्हणजे कागदावर ती शहरं आहेत. भोवताली मात्र पसरलेले तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या वर आणि मुरबाडची एक लाख नव्वद हजारांच्या आसपास होती. पालघर वेगळं झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका. मोठ्या शहरांसाठी काढलेल्या त्या अटी इथे लावून पाहिल्या की चित्र अनपेक्षित दिसतं. शहराला जे जमत नाही ते इथे आयतं आहे, आणि शहरात जे गृहीत धरलं जातं त्याचा इथे पत्ता नाही. गाडी तयार आहे, वीज आहे, घर सोयीचं आहे. अडतं ते रस्त्याच्या कडेला, स्टेशनबाहेरच्या स्टँडवर आणि मेकॅनिकच्या दारात. सरकारी पैसा आणि सरकारी लक्ष मात्र इतकी वर्षं गाडीच्या किमतीवर राहिलं आहे. माझ्या मते ते आता रस्त्याकडे आणि स्टँडकडे वळायला हवं.

आधी भाड्याच्या गाड्यांचा विषय संपवू, कारण चर्चा तिथेच अडकते. पॅरिसमध्ये भाड्याच्या ई-स्कूटरवर एप्रिल २०२३ मध्ये जनमत घेतलं गेलं. मतदानाला आलेल्यांची संख्या अगदी कमी होती, पण कौल जवळपास ९० टक्के विरोधात गेला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. लोकांच्या स्वतःच्या स्कूटर तशाच चालू राहिल्या. पुण्यात २०१७-१८ च्या सुमारास भाड्याच्या सायकली गाजावाजाने आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. भाड्याच्या धंद्याला दर चौरस किलोमीटरला गिऱ्हाईक लागतं, गाड्या उचलून आणायला माणसं लागतात. डोळखांब किंवा धसईसारख्या गावात असा धंदा उभा राहणार नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीचं धोरण आणलं, ते एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. शहापूर-मुरबाड त्याच्या बाहेरच राहिले. म्हणून इथे जे काही होईल ते माणसाच्या स्वतःच्या मालकीच्या गाडीवर होईल.

आणि खासगी मालकीने हे घडू शकतं याची दोन मोठी उदाहरणं जगापुढे आहेत. चीनमध्ये आज ३० कोटींहून अधिक विजेच्या दुचाकी आहेत. अनेक शहरांनी पेट्रोल मोटरसायकलींवर बंदी घातली हे एक कारण, पण गाडी स्वस्त होती, बॅटरी काढून घरात नेता येत होती आणि ती सायकलच्या वर्गात मोडत असल्याने परवान्याची भानगड नव्हती, ही कारणं जास्त महत्त्वाची. गाड्या जड आणि वेगवान होत गेल्या तेव्हा २०१९ पासून नवा दंडक आला. त्यात ताशी २५ किलोमीटर वेग आणि ५५ किलो वजन ही मर्यादा होती, आणि पायडल असणं सक्तीचं होतं. दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. बंगालच्या खेड्यापाड्यांत टोटो म्हणून ओळखली जाणारी ई-रिक्षा पसरली ती कोणी चार्जिंग स्टेशनं उभारली म्हणून नव्हे. चालक रात्री घरी प्लग लावत, सकाळी गाडी बाहेर काढत. मागाहून २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून ई-रिक्षांना कायद्याने जागा दिली गेली. त्या आधीच हजारो घरं त्यावर जगू लागली होती.

घरचा प्लग हीच शहापूर-मुरबाडची मोठी ताकद आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पार्किंगमध्ये वायर ओढायची तर सोसायटीची परवानगी लागते, मीटरचा वाद होतो, कधी जागाच नसते. किन्हवलीतल्या किंवा सरळगावातल्या घराला ओटी आहे, पडवी आहे, अंगण आहे. गाडी घराला टेकून उभी राहते आणि पंधरा अँपिअरचा एक पॉइंट काढला की काम झालं. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या वीज मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात म्हटलं आहे. ते मोटारींना उपयोगी आहे. दिवसाला दहा-वीस किलोमीटर फिरणाऱ्या दुचाकीला त्याची गरज जवळजवळ पडत नाही.

हिशेब साधा आहे. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला त्यासाठी सोळा-सतरा लिटर लागतं. लिटरचा भाव शंभराच्या वर धरला तर सतराशे रुपये गेले. विजेला चार्जिंगमधली गळती धरून पंचवीस ते सत्तावीस युनिटं, म्हणजे फार तर तीनशे-सव्वातीनशे रुपये. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतरच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो. ज्या घराचा वापर ऐंशी युनिटांचा होता त्या घरात गाडीची काही युनिटं वरच्या दराने लागतात. तरी पेट्रोलशी तुलना करता फायदा मोठाच उरतो. छतावर एक किलोवॉटचं सौर पॅनेल असेल तर ते महिन्याला शंभराहून अधिक युनिटं देतं, त्यातल्या चौथ्या हिश्श्यात गाडी भागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान आहे. कौलारू घरांच्या छपरांना ते कितपत पेलेल हा वेगळा विचार करावा लागेल.

लाइट जाते त्याचं काय, हा पहिला प्रश्न कोणीही विचारतो आणि तो रास्त आहे. जून ते सप्टेंबर या भागात पाऊस कोसळतो, झाड पडतं, तार तुटते, डीपी जळते, आणि आत जंगलपट्टीत लाइनमन पोचेपर्यंत दिवस जातो. पण याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याला रोज आठ किलोमीटर जायचं आहे आणि ज्याची बॅटरी सत्तर-ऐंशी किलोमीटर देते, त्याला आठवड्यातून एक रात्र वीज मिळाली तरी पुरते. ज्याला मुरबाडहून कल्याणला रोज गाडीनेच जाऊन यायचं आहे त्याला एक रात्र लाइट गेली की दुसऱ्या दिवशी एसटीच्या रांगेत उभं राहावं लागेल. म्हणजे कमी अंतराच्या माणसाला ही गाडी जास्त भरवशाची. जाहिराती मात्र लांब पल्ल्याच्या आकड्यांवर भर देतात.

आगीची भीतीही खोटी नाही. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशभरात आगीचे प्रकार झाल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस-१५६ हा दंडक कडक केला आणि तो डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. नंतरच्या गाड्या त्यामुळे अधिक सुरक्षित आहेत. पण खेड्यात जुन्या गाड्या फिरत फिरत शेवटी येतात, बदली बॅटऱ्या कुठूनही जोडल्या जातात, अर्थिंग नसलेल्या घरात सैल पॉइंटवर रात्रभर चार्जर राहतो. काढलेली बॅटरी माणसं झोपतात त्या खोलीत लावायची नाही, ओटीवर किंवा पडवीत लावायची, भिजलेली असेल तर आधी पुसून वाळवायची. ग्रामपंचायतीने हे प्रत्येक घरी सांगितलं पाहिजे. विक्रेत्याच्या छापील पुस्तिकेवर हे सोडून चालणार नाही.

आता रस्ता. या सगळ्या प्रश्नाचं वजन माझ्या दृष्टीने इथे आहे.

आसनगाव स्टेशनपासून शहापूर गाव जेमतेम तीन किलोमीटर. ई-सायकलला दहा मिनिटांचं अंतर, आणि पुस्तकात आदर्श म्हणून द्यावं असं. पण वाटेत मुंबई-नाशिक महामार्ग आहे. कंटेनर, नाशिकच्या भाजीच्या गाड्या, खासगी बस, सगळं ताशी सत्तर-ऐंशीने धावतं. ताशी २५ ने जाणारी गाडी त्या प्रवाहात शिरली की चालवणाऱ्याचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या दिव्यांवर राहतं. स्टॉकहोममध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये देशोदेशींच्या मंत्र्यांनी मान्य केलेल्या रस्ते सुरक्षेच्या जाहीरनाम्यात एक मुद्दा असा की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० च्या आत ठेवावा. महामार्गावर हे होणार नाही, म्हणून उत्तर म्हणजे वेगळी वाट. महामार्गाच्या बाजूने अखंड सेवारस्ता, त्याला कठडा, ओलांडायला भुयारी रस्ता, आणि संध्याकाळपासून शेवटची लोकल येईपर्यंत पेटलेले दिवे. तीन किलोमीटरचं हे काम. कोणत्याही उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ते किरकोळ ठरेल, आणि चालत जाणाऱ्या बाईला, शाळकरी मुलाच्या साध्या सायकललाही ते तितकंच उपयोगी पडेल.

शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८ए आहे. दोन्ही तालुक्यांना जोडणारा हाच मुख्य धागा, सापगाव, किन्हवली, सरळगाव या बाजूच्या लोकांचा रोजचा. रस्ता रुंद आणि काँक्रीटचा झाला की मोठ्या गाड्यांचा वेग वाढतो. साइडपट्टी मात्र मुरमाची, खचलेली किंवा काँक्रीटपेक्षा हातभर खाली राहते. लहान चाकांच्या स्कूटरला ती पायरी जीवघेणी आहे, कारण मागून ट्रक आला की उतरायला जागाच नसते. रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या पातळीत दीड मीटर पक्की साइडपट्टी धरली तर फरक पडेल. काम झाल्यावर ती कोणी जोडून देत नाही.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, खुटघरला उतरायची सोय आहे, पण दुचाकींना त्यावर बंदी आहे. ती योग्यच आहे. मात्र राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसना समृद्धीवर टोलमाफी मिळाली, आणि ज्यांच्या जमिनीवरून तो गेला त्या गावांतल्या विजेच्या दुचाकीला त्याखालच्या बोगद्यातून पाणी तुंबलेल्या वाटेने पलीकडे जावं लागत असेल तर प्राधान्य कुठे द्यायचं हे पुन्हा ठरवायला हवं.

आतले रस्ते वेगळे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये आली, मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये, आणि पावणेचार मीटरची डांबरी अनेक पाड्यांच्या जवळ पोचली. या रस्त्यांवर मोठी वाहतूक नाही. वळणं, गुरं, मुलं यांमुळे वेग आपोआप कमी राहतो. युरोपातली शहरं पैसे खर्चून जे मंद रस्ते तयार करतात ते इथे आहेतच. हलक्या विजेच्या गाडीसाठी हे उत्तम रस्ते आहेत, खड्डे बुजवलेले असतील तेवढे महिने. डांबरी संपते तिथून पुढे ठाकूरवाडी किंवा कातकरवाडीपर्यंतची पायवाट, साकव, ओढा, ही गाडीची हद्द संपल्याची खूण. तिथे गाडी डांबरीच्या टोकाला ठेवून माणसं चालत जातात. गाडीवर छप्पर, रात्री बांधायला एक लोखंडी खांब, एवढं तरी डांबरीच्या टोकाला असायला हवं.

चढाचं गणित समजून घेणं गरजेचं आहे, कारण फसगत तिथे होते. माळशेज घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटरच्या आसपास चढतो. दोन माणसं आणि गाडी मिळून २०० किलो धरले तर फक्त उंची गाठायलाच, मोटरमधली गळती धरून, ०.४ ते ०.४५ युनिट खर्च होतं. दोन युनिटांच्या बॅटरीतला पाचवा हिस्सा तिथेच गेला, अंतराचा खर्च वेगळा. हे झालं ताकदवान गाडीचं. २५० वॉटच्या मोटरवर एक माणूस आणि गाडी मिळून १३० किलो, आणि रस्ता शंभर मीटरला आठ मीटर चढणारा असेल तर वेग ताशी सातच्या आसपास येतो, मागे कोणी बसलं तर गाडी थांबते. शहापूर, वासिंद, मुरबाड, सरळगाव या सपाट पट्ट्यात छोटी मोटर चालेल. कसारा, वाशाळा, डोळखांबच्या वरच्या बाजूला किंवा नाणेघाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत ती घेऊ नये. गावोगावी मेळावे भरवून गाड्या विकणाऱ्यांनी हे आधी सांगितलं पाहिजे.

स्टेशनच्या बाहेर गाडी दिवसभर कुठे ठेवायची, हा पुढचा मुद्दा. नेदरलँड्समध्ये जवळपास निम्मे रेल्वे प्रवासी सायकलने स्टेशनवर येतात आणि उट्रेख्ट स्टेशनखाली १२,५०० सायकलींची जागा २०१९ मध्ये पूर्ण झाली. जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये पहिली विजेची मदत घेणारी सायकल बाजारात आणली. तिथे आज आया मुलांना पुढे-मागे बसवून याच सायकलींवर स्टेशन गाठतात, कारण स्टेशनजवळ पहारा असलेला, पावसात न भिजणारा स्टँड असतो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही आपली स्टेशनं. पहाटेच्या लोकलला निघालेला माणूस रात्री परततो, म्हणजे गाडी बारा-चौदा तास उघड्यावर. पेट्रोलची मोटरसायकल भिजली तर चालून जातं. विजेच्या सायकलची बॅटरी महागडी, ती काढून नेणं चोराला सोपं आणि मालकाला लोकलच्या गर्दीत सोबत नेणं अशक्य. म्हणून स्टँडला छप्पर, पहारा, बॅटरीसाठी कुलपाचे कप्पे आणि काही प्लग, एवढं लागेल. मासिक पासावर तो चालू शकतो आणि गावातल्या बचत गटाला चालवायला देता येईल. मुरबाडला स्टेशन नाही, तिथे हीच गोष्ट एसटी स्टँडवर आणि एमआयडीसीच्या फाटकाजवळ हवी.

कायद्याची बाजू ऐकायला कोरडी, पण तिच्यावर बऱ्याच बायकांचं आणि मुलांचं फिरणं अवलंबून आहे. मोटरची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, परवाना नको. अकरावीला शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात किंवा शिवळ्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला ती उद्यापासून चालवता येते. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त होता. चढावर, पावसात, आठ किलोमीटरवरच्या महाविद्यालयासाठी साध्या सायकलऐवजी ई-सायकल हे त्याचंच पुढचं पाऊल होऊ शकतं.

आणि इथेच धोरणाची मोठी चूक आहे. विजेच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना एप्रिल २०१९ मध्ये १० हजार कोटींची म्हणून आली. तिच्यात दुचाकीला अनुदान हवं तर वेग किमान ताशी ४० आणि पल्ला किमान ८० किलोमीटर ही अट होती. म्हणजे सर्वांत स्वस्त, सर्वांत हलकी, परवाना न लागणारी गाडी अनुदानाबाहेर गेली. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासाला (म्हणजे युनिटला) १५ हजार रुपयांचं अनुदान जून २०२३ मध्ये १० हजारांवर आलं, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ५ हजार आणि दुसऱ्या वर्षी अडीच हजार झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला आणि विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्के तसाच राहिला, त्यामुळे किमतीतलं अंतर आणखी घटलं. दिल्लीने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना साडेपाच हजार रुपये देऊ केले. दिल्लीपेक्षा शहापूर-मुरबाडला असं काही जास्त लागू पडलं असतं.

कर्जाची अडचणही यातूनच येते. नोंदणी नाही म्हणजे आरसी बुक नाही, आरसी बुक नाही म्हणजे बँकेला गाडीवर बोजा चढवता येत नाही. कातकरी कुटुंबाला किंवा रोजंदारीवरच्या माणसाला चाळीस हजार रोख काढणं शक्य नसतं. पतसंस्था आणि बचत गटांची अंतर्गत कर्जं हाच मार्ग उरतो. त्यासाठी जिल्हा बँकेने किंवा उमेदसारख्या अभियानाने वेगळी रक्कम ठेवली तर बराच फरक पडेल. उलट बाजूने, नोंदणी नाही याचा गैरफायदाही घेतला जातो. वेगाची मर्यादा काढून गाडी ताशी पन्नासने पळवतात. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अपघात झाला तर विमा नसतो, आणि बळी जाणारा अनेकदा अठराच्या आतला असतो. शिक्षकांनी आणि पालकांनी या गोष्टीकडे डोळेझाक करू नये.

माल वाहण्याचं काम चर्चेत मागे पडतं. या भागात भेंडी, काकडी, कारली पिकतात, आणि पहाटे तोडलेला माल काही तासांत आसनगावच्या किंवा कल्याणच्या वाटेला लागावा लागतो. १९७२ मध्ये आलेली लुना एके काळी दूधवाल्यांची आणि भाजीवाल्यांची गाडी होती. कायनेटिकने फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच विजेवर आणली, दोन युनिटांच्या बॅटरीची आणि सत्तर हजारांच्या आसपासची. पुढे पाय ठेवायच्या जागेत क्रेट बसतं, मागची सीट काढता येते. शेत ते रस्त्यावरचा टेम्पो एवढ्या दोन-चार किलोमीटरसाठी अशी उघडी, मजबूत, कमी वेगाची गाडी चकचकीत स्कूटरपेक्षा कितीतरी उपयोगी. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या बाबतीतही असंच. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर लसीचा डबा घेऊन चालणाऱ्या बाईला गाडी देणं हे आरोग्य खात्याचं काम आहे, तिच्या मानधनातून ती घ्यायला लावणं अन्याय आहे.

दुरुस्तीपाशी मात्र बरंच काही अडतं. पेट्रोलची गाडी सरळगावच्या नाक्यावरचा पोरगाही उघडतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर गेला की ती टेम्पोत घालून कल्याणला न्यावी लागते, आणि सुटा भाग येईपर्यंत आठवडे जातात. त्या काळात माणूस पुन्हा जुन्या मोटरसायकलकडे वळतो आणि शेजाऱ्यांनाही सांगतो, घेऊ नका. एका गाडीच्या वाईट अनुभवाने पाच गिऱ्हाइकं परत फिरतात. दोन्ही तालुक्यांत आयटीआय आहेत. तिथल्या विद्युत आणि मोटर मेकॅनिक विभागांत बॅटरी, कंट्रोलर, वायरिंग यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि कंपन्यांनी सुटे भाग तालुक्याच्या दुकानात ठेवावेत अशी अट अनुदानाला जोडली, तर ही अडचण सुटेल. मुलांना गावातच काम मिळेल हा त्यातला मोठा लाभ. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती तालुक्यापर्यंत पोचली नाही तर लिथियमच्या बॅटऱ्या भंगारात फोडल्या जातील.

रिक्षावाल्यांचं काय, हेही विचारलं पाहिजे. आसनगाव-शहापूर किंवा मुरबाडच्या नाक्यावरच्या शेअर रिक्षांवर शेकडो घरं चालतात. दररोज तीच माणसं त्याच गाडीत बसतात, आणि ती स्वतःच्या गाडीवर गेली तर धंदा घटेल. पण म्हातारी माणसं, आजारी, सामान घेऊन येणारे, पावसातली बायका-मुलं यांना रिक्षा लागेलच. रिक्षाही विजेवर गेली आणि स्टेशनवरच्या स्टँडवर तिला चार्जिंगची जागा मिळाली तर चालकाचा रोजचा इंधनखर्च मोठ्या प्रमाणात कमी होईल. खासगी दुचाकीसाठी जी सोय करायची ती रिक्षाला वगळून केली तर नाक्यावर भांडणं होतील, आणि ती रास्त असतील.

नगरपंचायतींच्या हातात यातलं बरंच आहे. बाजारपेठेतला वेग ताशी २० किंवा ३० च्या आत राहील असा रस्ता आखणं, रस्त्याच्या कडेला दुचाकी उभ्या करण्याची जागा आखणं, पालिकेच्या इमारतीत, शाळेत, ग्रामीण रुग्णालयात चार प्लग काढणं, यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मंत्रालयाकडे जावं लागत नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेला मंजुरी मिळाली आहे. तो मार्ग झाला की मुरबाडच्या स्टेशनला आसनगावसारखीच गर्दी येईल, आणि आसनगावला जे नंतर जोडणं आज इतकं अवघड झालं आहे ते मुरबाडला नकाशावर आताच काढता येईल. स्टेशनच्या दारापासून गावापर्यंत दिव्यांचा वेगळा रस्ता, छपराखालचा दुचाकींचा स्टँड, त्याच्या शेजारी रिक्षांची चार्जिंगची रांग आणि एसटीचा थांबा, एवढ्यासाठी लागणारी जमीन भूसंपादनाच्या पहिल्या यादीतच धरायला हवी. जमिनीचे भाव स्टेशनबरोबर चढतील, आणि मग ती घेणं मुरबाड नगरपंचायतीला परवडणार नाही.